मुलांसाठी सावलीचे घर

(शाळा, अंगणवाडी, वाचनालय अशा इमारती सर्वांच्या असतात. त्या बांधताना गावची हवा, गावची माती आणि तिथे बसणारी मुले यांचा विचार करावा लागतो. उष्ण प्रदेशात लहान मुलांसाठी गार, सुरक्षित आणि टिकाऊ इमारत कशी बांधता येईल, याचा विचार एका वर्गाने कसा केला, हे प्रस्तुत पाठात सांगितले आहे.)

मार्च महिन्याचा शेवटचा आठवडा होता. नववीच्या वर्गात मी मराठीचा तास घेत होतो. झरी हे परभणी-जिंतूर रस्त्यावरचे गाव. मार्च संपता संपता येथे ऊन कडक होऊ लागते. मे महिन्यात तर पारा कधीकधी ४२-४३ अंशांच्याही पुढे जातो.

वर्गाच्या खिडकीतून समोरची अंगणवाडी दिसत होती. पत्र्याच्या छपराची एकच खोली. अकरा वाजले, तशा सेविकाताई मुलांना ओळीने बाहेर घेऊन आल्या. कडुनिंबाखाली त्यांनी सतरंजी अंथरली आणि मुलांना तिच्यावर बसवले.

"सर, ही मुले रोज बाहेर का बसतात?" एका मुलाने विचारले.

"आत भट्टी पेटली आहे ना!" मागच्या बाकावरून उत्तर आले. सारा वर्ग हसला.

एक मुलगी मात्र हसली नाही. ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, माझा लहान भाऊ त्या मुलांत आहे. काल त्याला आत बसल्या बसल्या चक्कर आली. आज तो यायला तयार नव्हता. अम्मीने कसेबसे पाठवले."

वर्ग एकदम शांत झाला. मी पुस्तक मिटले.

"मुलांनो," मी म्हणालो, "समजा, ही खोली नव्याने बांधायची आहे आणि ती तुम्हीच बांधायची आहे. तर ती कशी बांधाल?"

"सर, एसी लावू!" एक जण म्हणाला.

"लाईट गेली की?" दुसऱ्याने विचारले. पहिला खाली बसला.

"मग आपल्याला असे घर हवे," मी फळ्यावर लिहिले, "जे विजेशिवाय गार राहील, गावातल्या वस्तूंनी बांधता येईल, ज्याची दुरुस्ती गावातली माणसे करू शकतील आणि जे पुष्कळ वर्षे टिकेल." अशा इमारतीला 'शाश्वत इमारत' म्हणतात. शब्द मोठा आहे, पण गोष्ट जुनीच आहे. आपल्या आजीला ती ठाऊक होती.

माझ्या नानीचे घर याच गावात होते. ते माळवदाचे घर होते. दगडामातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, त्यांना आतून लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर लाकडाच्या पट्ट्या म्हणजे किलचन, त्यावर पालापाचोळा आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. या छपरालाच माळवद म्हणतात. कोणी त्याला धाबे असेही म्हणतात. छपराच्या मध्यभागी एक झरोका होता. बाहेर उन्हाने अंगाची लाही होत असली, तरी नानीच्या घरात पाऊल टाकताच गार वाटे. कोपऱ्यात पाण्याचा माठ असे आणि आम्ही मुले शाहाबादी फरशीवर लोळत असू.

हे घर गार का राहत असे? जाड भिंत आणि जाड छप्पर लवकर तापत नाही. सकाळपासून ऊन लागले, तरी त्याची उष्णता आतल्या बाजूला पोचायला पुष्कळ तास लागतात. तोवर संध्याकाळ होते आणि बाहेर गारवा येतो. खोलीतली गरम हवा हलकी होऊन वर जाते आणि झरोक्यातून निघून जाते. तिच्या जागी दारातून सावलीतली गार हवा आत येते. येथे ना पंखा, ना वीज. हवा आपले काम आपणच करते.

पत्र्याचे याच्या उलट असते. पत्रा पातळ असतो. तो उन्हात काही मिनिटांत तापतो आणि तापलेल्या तव्यासारखी खाली उष्णता फेकतो. त्याच्याखाली बसलेल्या मुलाच्या डोक्यावर दिवसभर जणू एक दुसरा सूर्य असतो. लहान मुलांचे शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापते आणि त्यांच्या अंगातले पाणी लवकर कमी होते. म्हणून असे छप्पर त्यांना जास्त बाधते.

"मग सर, नानीच्या घरासारखीच खोली बांधू या!" मुले म्हणाली.

तेव्हा मला त्यांना दुसरी गोष्टही सांगावी लागली.

१९९३ साली मी चार वर्षांचा होतो. ३० सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास, लातूर जिल्ह्यातील किल्लारी भागात मोठा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणेश विसर्जन झाले होते. थकलेली माणसे गाढ झोपेत होती. लातूर आणि धाराशिव (त्या वेळचा उस्मानाबाद) या जिल्ह्यांतील गावेच्या गावे काही क्षणांत जमीनदोस्त झाली. हजारो माणसे दगडमातीखाली सापडून मरण पावली. त्यांत लहान मुले किती तरी होती.

किल्लारी आपल्यापासून दूर आहे, तरीही त्या पहाटे आमच्या घरातली भांडी खणखणली, असे अम्मी सांगते. त्यानंतर कित्येक रात्री गावातली माणसे अंगणात झोपली. अम्मीने मला पोटाशी धरले होते आणि तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. नानी मात्र म्हणायची, "या घराने मला चाळीस उन्हाळे सांभाळले. मी कुठे जाऊ?" शेवटी अम्मीने हट्ट धरला. मामूने माळवद उतरवले आणि पत्रे टाकले. पुढच्या उन्हाळ्यात नानी दुपारभर बाहेर लिंबाखाली बसून राहू लागली. ती कोणाला काही बोलली नाही. पण अम्मीला ते दिसत होते. मराठवाड्यातल्या अनेक घरांत त्या वर्षांत असेच घडले.

"सर, बरोबर कोण होते? नानी की अम्मी?" एका मुलाने विचारले.

"दोघीही," मी म्हणालो. "नानीचे घर गार होते, पण भूकंपात जिवावर बेतणारे होते. अम्मीच्या पत्र्याखाली मातीचे ओझे नव्हते, पण तिथे दुपारी बसवत नव्हते. मुलांच्या खोलीत आपल्याला दोन्ही हवे : गारवाही आणि सुरक्षितताही. एक मिळवण्यासाठी दुसरे सोडायचे नाही."

किल्लारीची घरे का पडली, याचा अभ्यास नंतर अभियंत्यांनी केला. दगड किंवा माती यांचा दोष नव्हता. दोष बांधणीत होता. भिंतीचा बाहेरचा आणि आतला असे दगडांचे दोन थर वेगवेगळे रचलेले असत आणि मधली जागा माती व कपच्यांनी भरलेली असे. दोन्ही थरांना जोडणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घातलेला नसे. जमीन हलली, तशी भिंत मधून फुटली आणि दोन बाजूंना ढासळली. छपरावर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी नवी माती टाकली जाई, पण जुनी काढली जात नसे. त्यामुळे छप्पर जड होत गेले होते. एक चौरस मीटर जागेवर एक फूट माती म्हणजे साधारण चार ते पाच क्विंटल ओझे! अनेक घरांत लाकडी खांब आणि तुळया भूकंपानंतरही उभ्या होत्या, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. बांधलेली गोष्ट एकमेकींना धरून असेल तर टिकते. नुसती रचलेली गोष्ट कोसळते.

आपला भागही धक्क्यांपासून मुक्त नाही. २०२४ साली २१ मार्च आणि १० जुलै या दिवशी हिंगोली जिल्ह्यात झालेल्या भूकंपांचे धक्के परभणीतही जाणवले. त्या सकाळी तुमच्यापैकी अनेक जण घराबाहेर धावले होते. म्हणून ही गोष्ट केवळ जुनी म्हणून सोडून देता येत नाही.

त्या दिवसापासून आमच्या वर्गाचा मराठीचा तास आठवड्यातून एकदा बांधकामाचा तास झाला. मुले वाचू लागली, विचारू लागली, मोजू लागली.

सर्वांत आधी आम्ही 'अंगणवाडी' हा शब्द उघडून पाहिला. त्यात 'अंगण' आहे. ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले. पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांमध्ये गेले. मुले शाळेत येत नसतील तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे, असा त्यांचा विचार होता. झाडाची सावली, झाडलेली जमीन आणि आसपास मिळणारे शंख, बिया, पाने हेच तिथले सामान. यावरून मुलांना एक गोष्ट कळली. लहान मुलांची शाळा म्हणजे आधी सावली आणि मग भिंत. समोरच्या सेविकाताई कडुनिंबाखाली मुलांना नेत होत्या, ते काही चुकीचे नव्हते. नव्या घरालाही अंगण आणि झाड हवेच.

मग मी त्यांना दूरच्या एका गावाची गोष्ट सांगितली. आफ्रिकेत बुर्किना फासो नावाचा देश आहे. तिथे आपल्यापेक्षाही कडक ऊन असते. त्या देशातील गांदो या लहानशा गावात फ्रान्सिस केरे यांचा जन्म झाला. गावात शाळा नव्हती. सात वर्षांच्या केरेंना घर सोडून दुसऱ्या गावी शिकायला जावे लागले. तिथला वर्ग अंधारा, कोंदट आणि मुलांनी गच्च भरलेला होता. पुढे ते सुतारकाम शिकण्यासाठी जर्मनीला गेले आणि तिथेच वास्तुशास्त्र शिकले. शिकत असतानाच त्यांनी आपल्या गावासाठी शाळा बांधायचे ठरवले.

केरे मातीच्या विटांची शाळा बांधणार, हे ऐकून गावकरी नाराज झाले. माती पावसात वाहून जाईल, अशी त्यांना भीती वाटली. केरेंनी त्यांना मातीत थोडे सिमेंट मिसळून, दाबून, मजबूत विटा कशा करायच्या ते दाखवले. मग सारे गाव कामाला लागले. कोणी पाणी आणले, कोणी विटा पाडल्या, बायकांनी जमीन चोपून गुळगुळीत केली. छप्पर पत्र्याचेच होते, पण ते दोन पदरी केले. खाली विटांचे छत आणि त्याला हवा जाण्यासाठी फटी. त्याच्या बऱ्याच वर, लोखंडी सळयांच्या कैचीवर उचलून धरलेला पत्रा. ऊन पत्र्याला लागते, पण पत्रा आणि छत यांच्यामधून वारा वाहतो आणि उष्णता बाहेर घेऊन जातो. पत्रा भिंतीच्या बाहेर लांबवर आलेला असल्यामुळे भिंतींवर ऊन पडत नाही आणि पाऊसही लागत नाही. ही शाळा २००१ साली पूर्ण झाली. २००४ साली तिला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. २०२२ साली केरे यांना वास्तुकलेतील सर्वांत मोठा मानला जाणारा प्रित्झकर पुरस्कार मिळाला.

"म्हणजे पत्रा वाईट नाही," एक मुलगी म्हणाली. "पत्र्याच्या अगदी खाली बसणे वाईट."

मला तिचे वाक्य फार आवडले. ते मी फळ्यावर लिहून ठेवले.

आता करून पाहणे आवश्यक होते. मुलांनी पुठ्ठ्याची तीन सारखी खोकी घेतली. पहिल्यावर नुसता पत्रा ठेवला. दुसऱ्यावर चुन्याने पांढरा केलेला पत्रा ठेवला. तिसऱ्यावर पुठ्ठ्याचे छत, त्याच्या वर चार बोटे मोकळी जागा आणि मग पत्रा ठेवला. तिन्ही खोक्यांत तापमापी ठेवून ती उन्हात मांडली. दर अर्ध्या तासाने पारा वहीत लिहिला. पहिल्या खोक्यातला पारा सर्वांत वर चढला. पांढऱ्या पत्र्याखाली तो कमी चढला, कारण पांढरा रंग ऊन परत फेकतो. दोन पदरी छपराखाली तो सर्वांत खाली राहिला.

एका शनिवारी आम्ही गावातल्या एका वृद्ध गवंडीचाचांना वर्गात बोलावले. त्यांनी मुलांचे कागद नीट पाहिले.

"चांगले आहे," ते म्हणाले. "पण तुम्ही वरूनच सुरुवात केली. घर खालून सुरू होते. आपली जमीन कोणती?"

"काळी!" मुले एका आवाजात म्हणाली.

"काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर भिंत उभी केली तर भिंतही भेगाळणार. म्हणून काळी माती काढून खाली मुरूम लागेपर्यंत खोदायचे. पाया मुरमावर बसवायचा. आणि ठोकळे करायचे तर काळ्या मातीचे नाही, चाळलेल्या मुरमाचे. पाण्याला उतार कुठे जातो तेही पाहा. पाया पाण्यात बसता कामा नये."

"आणि चाचा, भूकंप?" चक्कर आलेल्या मुलाच्या बहिणीने विचारले.

चाचांनी डोक्याचा रुमाल सोडला. तो एका रचलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्याभोवती गुंडाळला आणि घट्ट गाठ मारली. मग टेबल जोराने हलवले. पुस्तके हलली, पण पडली नाहीत. रुमाल सोडून टेबल पुन्हा हलवले. पुस्तके धडाधड खाली आली.

"घराला असाच पट्टा बांधतात," ते म्हणाले. "सळया घातलेला काँक्रीटचा पट्टा. एक जोत्यावर, एक दारे-खिडक्यांच्या वर आणि एक छपराखाली. चारही भिंतींवरून सलग फिरवायचा, कुठे तोडायचा नाही. कोपऱ्यांत उभ्या सळया घालायच्या. मग भिंती एकमेकींचा हात धरून उभ्या राहतात. छप्पर हलके ठेवायचे, पण वादळात उडू नये म्हणून पक्के बांधायचे. आणि एक सांगतो, पोरांनो. मला अनुभव आहे, पण अभियंत्याला कागद दाखवल्याशिवाय कुदळ मारायची नाही. मुलांचे घर आहे."

नंतर दिशेचा प्रश्न आला. भूगोलाच्या तासाचा येथे उपयोग झाला. परभणी जिल्हा साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या मध्यास दुपारी सूर्य अगदी आपल्या डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. म्हणजे उन्हाळ्यात सर्वांत जास्त ऊन लागते ते छपराला. सकाळचे व संध्याकाळचे तिरपे ऊन पूर्व व पश्चिम भिंतींवर पडते आणि ते अडवणे अवघड असते. म्हणून खोली पूर्व-पश्चिम लांब ठेवायची. पूर्वेच्या व पश्चिमेच्या भिंती लहान, बिनखिडक्यांच्या. खिडक्या उत्तरेला आणि दक्षिणेला, समोरासमोर, म्हणजे वारा आरपार जाईल. दोन्ही लांब बाजूंना ओसरी. वर छपराजवळ जाळी, म्हणजे गरम हवा बाहेर निघेल. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील बीबी का मकबरा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना जाळीचे काम माहीत आहे. जाळीतून ऊन गाळले जाते, पण हवा अडत नाही. तिथे जाळी संगमरवराची आहे. केरळात राहून काम करणारे वास्तुशिल्पी लॉरी बेकर (१९१७-२००७) यांनी तीच जाळी साध्या विटांनी बांधून दाखवली.

अखेर नकाशा तयार झाला. आतली खोली ८ मीटर लांब व ५ मीटर रुंद, म्हणजे ४० चौरस मीटर. तीस मुलांना बसायला, खेळायला पुरेशी. भिंती मुरूम आणि थोडे सिमेंट दाबून केलेल्या ठोकळ्यांच्या. हे ठोकळे भाजावे लागत नाहीत, त्यामुळे सरपण वाचते आणि धूरही होत नाही. खाली बांबूच्या तट्ट्यांचे छत, वर मोकळी जागा आणि मग पांढरा पत्रा. उत्तरेला व दक्षिणेला दोन-दोन मीटरची ओसरी, पूर्व-पश्चिमेला एक-एक मीटर पुढे आलेले छप्पर. दोन दारे, दोन्ही बाहेर उघडणारी, म्हणजे धोक्याच्या वेळी मुले चेंगरणार नाहीत. बांबूला विस्तव लागू नये म्हणून स्वयंपाकघर वेगळे. पश्चिमेला कडुनिंबाची झाडे.

छपराखालची जागा १० मीटर लांब व ९ मीटर रुंद, म्हणजे ९० चौरस मीटर झाली. एका मुलाने हिशेब केला. एक सेंटिमीटर पाऊस पडला, तर या छपरावरून ९०० लिटर पाणी मिळेल. तीस मुलांना रोज तीन लिटरप्रमाणे हात-पाय धुण्यासाठी ते दहा दिवस पुरेल! मग नकाशात पनाळ आणि टाकीही आली.

कागदावरचे घर सर्वांना आवडले. पण ज्यांच्यासाठी ते होते, त्यांना कोणी विचारलेच नव्हते. म्हणून एके सकाळी मुलांनी मैदानावर चुन्याच्या फक्कीने संपूर्ण नकाशा खऱ्या मापात आखला. भिंती, दारे, ओसरी, सगळे. मग अंगणवाडीच्या मुलांना बोलावले. ती हसत-ओरडत आखलेल्या खोलीत येऊन बसली.

मोठ्या मुलांनी दोन काठ्यांना दोरी बांधून खिडकीची उंची दाखवली. चक्कर आलेला तो लहान मुलगा दोरीजवळ गेला. त्याने टाचा उंचावल्या, मान वर केली आणि म्हणाला, "मला झाड दिसत नाही."

सारे एकमेकांकडे पाहू लागले. खिडकी मोठ्या माणसाच्या उंचीची होती. त्याच्या बहिणीने दोरी खाली खाली आणली. त्याच्या छातीपर्यंत आली तेव्हा तो म्हणाला, "हां, आता दिसते." त्याच वेळी कुबडी घेऊन चालणारी एक मुलगी पायरीच्या रेघेजवळ थांबली होती. आमच्या नकाशात तीन पायऱ्या होत्या. उतार नव्हता. दुपारी मुलांनी नकाशा दुरुस्त केला. खिडक्या खाली आल्या आणि पायऱ्यांच्या शेजारी लांब उतार आला. एक हात चढायला बारा हात लांबीचा.

१ मे रोजी, महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत मुलांनी आपला नकाशा आणि अर्ज दिला. अर्ज मराठीत होता आणि तो त्यांनी स्वतः लिहिला होता. इमारत अजून उभी राहिलेली नाही. अशा कामाला जागा लागते, पैसा लागतो, परवानगी लागते. पण मुले थांबून राहिली नाहीत. सुट्टीच्या एका दिवशी पालकांनी आणि गवंडीचाचांनी हातभार लावला. त्या जुन्या खोलीचा पत्रा चुन्याने पांढरा केला आणि त्याच्याखाली बांबूच्या तट्ट्या बांधल्या. खोली काही नानीच्या घरासारखी गार झाली नाही. भर दुपारी मुले अजूनही लिंबाखाली जातात. पण सकाळी पूर्वीपेक्षा जास्त वेळ ती आत बसू शकतात आणि तो लहान मुलगा आता यायला नाही म्हणत नाही.

जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर आम्ही पश्चिमेच्या बाजूला कडुनिंबाची रोपे लावली. ती मोठी व्हायला काही वर्षे लागतील. तोवर नववीची ही मुले शाळा सोडून गेलेली असतील. त्यांची सावली दुसऱ्याच मुलांना मिळेल. हे मी वर्गात बोलून दाखवले, तेव्हा एक मुलगा सहज म्हणाला, "सर, आज जे झाड आहे, तेही कोणीतरी लावलेलेच आहे ना?"

शब्दार्थ

सावली – छाया, साया
भूकंप – जमीन हादरणे, ज़लज़ला
पाया – इमारतीचा जमिनीखालचा भाग, बुनियाद
जोते – पायाच्या वरचा, जमिनीपासून उचललेला भाग
गवंडी – भिंत बांधणारा कारागीर, राजमिस्त्री
माळवद – लाकूड व माती यांचे सपाट छप्पर
तुळई – छपराला आधार देणारे आडवे जाड लाकूड, शहतीर
ओसरी – खोलीसमोरची छप्पर असलेली मोकळी जागा, बरामदा
शाश्वत – दीर्घकाळ टिकणारे, पायदार
कोंदट – हवा नसलेले
ओझे – भार, बोझ
पनाळ – छपराचे पाणी वाहून नेणारी नळी, परनाला
जमीनदोस्त होणे – पूर्णपणे कोसळणे

वाक्प्रचार

अंगाची लाही होणे – उन्हाने फार त्रास होणे
डोळ्याला डोळा न लागणे – झोप न येणे
जिवावर बेतणे – प्राण धोक्यात येणे
हातभार लावणे – मदत करणे

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अंगणवाडीची मुले कडुनिंबाखाली का बसत होती?
(आ) किल्लारीचा भूकंप कोणत्या दिवशी झाला?
(इ) गांदो हे गाव कोणत्या देशात आहे?
(ई) ठोकळ्यांसाठी चाचांनी कोणती माती नको म्हटले?

प्रश्न २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) नानीचे घर उन्हाळ्यात गार का राहत असे?
(आ) किल्लारी भागातील भिंती का ढासळल्या?
(इ) गवंडीचाचांनी रुमाल आणि पुस्तके घेऊन काय समजावून सांगितले?
(ई) मैदानावर नकाशा आखल्यामुळे कोणत्या दोन चुका लक्षात आल्या?

प्रश्न ३. कारणे लिहा.
(अ) खोली पूर्व-पश्चिम लांब ठेवायची, कारण...
(आ) पत्रा चुन्याने पांढरा केला, कारण...
(इ) दारे बाहेर उघडणारी ठेवली, कारण...

प्रश्न ४. 'दोघीही बरोबर होत्या,' असे सरांना का वाटले? तुमच्या शब्दांत सात-आठ ओळींत लिहा.

प्रश्न ५. वरील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.

प्रश्न ६. विरुद्धार्थी शब्द लिहा.
गार, जाड, जड, उंच, पहाट

प्रश्न ७. अनेकवचन लिहा.
भिंत, खिडकी, झाड, तुळई, पायरी

उपक्रम

(१) पाठात सांगितलेला तीन खोक्यांचा प्रयोग वर्गात करा. दर अर्ध्या तासाने तापमान लिहून तक्ता तयार करा.
(२) तुमच्या घरातील मोठ्या माणसांना जुन्या घराविषयी विचारा. ते कशाने बांधले होते? उन्हाळ्यात, पावसाळ्यात तिथे कसे वाटे? मिळालेली माहिती मराठीत दहा ओळींत लिहा.
(३) तुमच्या शाळेच्या छपराची लांबी-रुंदी मोजा. एक सेंटिमीटर पावसात किती पाणी मिळेल, याचा हिशेब करा.